साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

दर गुरुवारी आजारी माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, हे आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाचं काम, आणि मंडळाची अध्यक्ष तेव्हा मी. बोईसरमध्ये आठ वर्षं हे काम केलं. कारखान्यांमुळे इथे भाड्याच्या खोल्यांत कुठकुठची माणसं राहतात. आमच्यासारखी नगरकडची, कुणी मराठवाड्यातली, कुणी इथल्याच डोंगरातली. खोली लहान असायची आणि आम्ही सात-आठ जणी घुसायचो. दोन गीतं, एक वचन, प्रार्थना, चहा. निघताना मी आजारी बाईचा हात धरून सांगायचे, “प्रभू सगळं पाहतोय.” मग बाहेर येऊन ढिगातून आपापल्या चपला शोधायच्या आणि पुढच्या घरी. मला वाटायचं, मी प्रीतीचं काम करतेय. माझ्याइतकं कुणी करत नाही, असंही वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते आजारामुळे कमी आणि माझ्या या तोऱ्यामुळे जास्त झालं.

आता मी दमले आहे. दुसऱ्यांदा उपचार चालू आहेत आणि अजून चार महिने बाकी आहेत. अर्धा तास बसून लिहिलं की पाठ भरून येते. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे, आणि त्यातही जे माझ्यासारखे देवाधर्माचे आहेत, त्यांनी माझी चूक करू नये म्हणून लिहायला घेतलंय.

कळलं तो दिवस

खोकला दोन महिने होता. बोईसरमध्ये खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही, सगळे कारखान्याच्या धुरावर ढकलतात. मीही ढकललं. वजन उतरलं तेव्हा मंडळातल्या बायका म्हणाल्या, “ताई, काय बारीक झालात, छान दिसता!” मला बरंही वाटलं. मग रोज संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली, आणि आमच्या ह्यांनी काही न विचारता सुट्टी टाकली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. हे म्हणजे शमुवेल, एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. बोलणं कमी. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात आणि रात्रपाळी झालेली असली तर संदेश चालू असताना खुशाल झोपतात. त्यावरून मी त्यांना किती वेळा टोचून बोलले असेन!

थुंकीचा रिपोर्ट आला. डॉक्टर माझ्या पोरीपेक्षा फार मोठा नसेल. म्हणाला, “टीबी आहे काकू. घाबरू नका. सहा महिने नीट गोळ्या घेतल्या की बरा होतो.”

मी पहिला प्रश्न काय विचारला? “कुणाला सांगावं लागतं का?”

घरात सतरा वर्षांची मुलगी, बारावीला. तिला लागण झाली असेल का, हे मी नंतर विचारलं, तेही डॉक्टरनेच विषय काढल्यावर. याची लाज मला अजून वाटते. ग्रेसचा एक्स-रे काढला. तो येईपर्यंत घरात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. तिला काही नव्हतं. हे दवाखान्याच्या सायकलस्टँडपाशी उभं राहून रडले, आणि मी म्हणाले, “लोक बघतायत.”

लोकांना आम्ही सांगितलं, छातीत कफ झालाय. डॉक्टरने गरज नाही म्हटलं तरी मी माझं ताट-वाटी वेगळी केली. ग्रेस स्वयंपाकघरात झोपायला लागली. एकदा शेजारीण आली तेव्हा तिला ग्रेसच म्हणाली, “मम्मीला ॲलर्जी आहे.” किती सहज म्हणाली! रविवारच्या शाळेत खरं बोलायला मीच तिला शिकवलं होतं.

रांगेतली मंगली

गोळ्या आणायला मी मास्क लावून, वर स्कार्फ गुंडाळून जायचे. एकदा रांगेत उभी होते आणि समोर मंगली.

मंगली आमच्याच मंडळीतली. मनोरच्या पलीकडे डोंगरात तिचं गाव. चार महिने भात-नाचणी करायची, मग नवरा-बायको कामाला खाली उतरायची. नवरा एमआयडीसीत माल चढवतो, ती बिगारीला जाते. दोन पोरं. रविवारी सगळ्यात शेवटी दाराजवळ बसायची. आमच्या मंडळाने तिच्या खोलीवर कधी भेट दिली नव्हती. का नाही, ते मला सांगता येणार नाही. यादीत तिचं नाव कधी आलंच नाही, आणि यादी मीच करायचे.

तिने मला ओळखलं. एवढ्या गुंडाळलेल्या तोंडातून ओळखलं आणि हसली. तिच्याही हातात माझ्यासारखंच कार्ड होतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे हात कसे धुवावेत याचा तक्ता होता, तो मी वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला. मान वळवली तोवर ती गोळ्या घेऊन गेली होती. मला सुटल्यासारखं झालं.

चार शब्द

अडीच महिन्यांत खोकला थांबला, भूक लागायला लागली. आमच्याकडे उपासनेच्या शेवटी ज्याला काही अनुभव आला असेल त्याने उभं राहून तो सांगायचा, त्याला साक्ष म्हणतात. ज्यांनी कधी साक्ष दिली नाही त्यांना सांगते, ती सवय लागते. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, साधा माणूस. म्हणाले, “सुशीलाताई, आता बऱ्या दिसताय. आभाराचे चार शब्द बोला.”

चार शब्दांत थांबणं मला कधी जमलेलं नाही. उठले आणि बोलत सुटले. रात्रीची प्रार्थना सांगितली, अश्रू सांगितले. समोर सगळे माझ्याकडे बघतायत म्हटल्यावर आवाज चढला आणि तोंडातून निघून गेलं, “प्रभूने मला संपूर्ण बरं केलंय! आता मला औषधाची गरज उरली नाही!”

हालेलुयाचा गजर झाला. पेटीवाल्याने सूर धरला. हे वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं, पण परतही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या हातावर घेतल्या आणि बघत बसले. काल देवासमोर, शंभर माणसांसमोर बोलले की गरज नाही. आज गिळल्या तर ती साक्ष खोटी. बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं वाटेल, पण आमच्यातल्यांना कळेल मी कशात अडकले ते. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब स्वतः बीपीची गोळी घेतात. तरी मी त्या गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात टाकल्या. मग रोजच टाकत गेले. ग्रेसला आणि ह्यांना वाटत होतं, मी नेमाने घेतेय.

आणखी एक आहे, जे मी बरेच दिवस स्वतःशीसुद्धा बोलले नाही. त्या रविवारी साक्षीनंतर मंगली दारात थांबली होती. हळूच म्हणाली, “बाई, मंग मी पन नको खाऊ का त्या गोल्या?”

तिला गोळ्या कसल्या ते मला माहीत होतं आणि मला कसल्या ते तिला. आजूबाजूला बायका होत्या. त्यांना कळलं तर? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझा तो गुरुवारचा आवाज काढला आणि म्हणाले, “विश्वास ठेव, बाळा.” आणि पुढे निघाले.

पालघर

तीन महिन्यांनी बेसिनमध्ये रक्त पडलं. थोडंसंच होतं, पण लाल. मी नळ सोडून दिला. दोन दिवसांनी परत पडलं, त्या वेळी ग्रेस मागे उभी होती.

ह्यांनी मला झोपवलं आणि खिचडी करायला साबुदाण्याचा डबा काढला. डबा घेऊन बाहेर आले. मी त्यांना एवढं चिडलेलं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

“तू देवासाठी नाही केलंस हे,” म्हणाले. “तू त्या लोकांसाठी केलंस.”

मला खोकला आला, आणि त्यांनीच पाठीवर हात फिरवला. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सगळं करत होते, फक्त बोलत नव्हते.

पालघरच्या रुग्णालयात तीन आठवडे होते. नव्या तपासणीत निघालं की आधीचं मुख्य औषध आता चालत नाही. दुसरी औषधं, जास्त दिवस. पहाटे फिनेल मारायला मावशी यायची, मग वजन, मग गोळ्या, मग मळमळ. दुपारपर्यंत मळमळतच राहायचं. पायांचे तळवे बधिर व्हायला लागले. चेहरा काळवंडला. प्रार्थना म्हणाल तर येत नव्हती. डोळे मिटले की झोप लागायची, नाहीतर उलटी यायची. एवढी वर्षं लोकांना प्रार्थना करायला सांगितलं, आणि इतकं थकलेल्या माणसाला ती करता येत नाही हे मला ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या खाटेवर सातपाटीची काकू होती. जन्मभर मासळी विकलेली, आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी गोळ्या का सोडल्या ते तिने माझ्याकडून काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“तुजा देव बोलला काय तुला, गोल्या खाव नको?”

“नाही.”

“मंग कोन बोलला?”

“मीच.”

“आत्ता कशी खरी बोल्लीस!” म्हणाली आणि जोरात हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग तिने स्वतःची उशी माझ्या पायांखाली सरकवली, कारण माझ्या तळव्यांना रात्री आग व्हायची. आठ दिवस तिने हाताची उशी केली. मी परत द्यायला गेले तर अंगावर ओरडायची.

हे पाळी संपवून बोईसरहून यायचे. डबा, धुतलेले कपडे, आणि माझं पातेलं. उलटीचं ते पातेलं ते रोज बाहेरच्या नळावर घासून आणायचे. एकदा मी विचारलं, “माझ्यासाठी प्रार्थना तरी करता का?”

“वेळ कुठाय? ते पातेलं दे इकडे.”

मग स्टुलावर बसल्या बसल्या झोपले. मागच्या बाकावर झोपायचे तसेच. मी बघत राहिले आणि मला फार रडू आलं. देवाची प्रीती, देवाची प्रीती म्हणून मी आठ वर्षं घरोघर सांगत फिरले. ती माझ्याच घरात पातेलं घासत होती आणि मी तिला झोपाळू म्हणत होते.

गुरुवार माझ्या घरी

घरी आले त्या गुरुवारी मंडळ माझ्याकडे आलं. तोंडावर मास्क, पण आठही जणी आल्या. त्यांनी एक गीत धरलं, त्याला सात कडवी. चौथ्या कडव्याला मला ओकारी यायला लागली आणि सांगायचं कसं कळेना. पूर्वी माझ्यासमोर अशाच किती बायका तोंड दाबून बसल्या असतील. एकीने तिच्या मावसभावाला हाच आजार होता असं सांगितलं, आणि तो गेला असंही सांगितलं. पाळकीणबाई मात्र गाण्यात दिसल्या नाहीत. त्या आत जाऊन कणीक मळत होत्या. आजारी माणसाकडे जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, कडवी कमी म्हणा आणि कणीक मळा.

त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. आजाराचं नाव, डब्यातल्या गोळ्या, सगळं. “माझी साक्ष खरी नव्हती,” म्हणाले. एकीने हातातला चहा न पिता खाली ठेवला. पुढच्या गुरुवारी आठातल्या चौघीच आल्या, आणि माझ्या जागी त्यांच्यातलीच एक अध्यक्ष झाली होती. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पाळकसाहेबांनी रविवारी स्वतः उभं राहून सांगितलं की औषध बंद करायचं ते डॉक्टरने, आणि त्यांनीच मला साक्षीसाठी उठवलं म्हणून माफीही मागितली. चूक माझी आणि माफी त्यांची. मला मान वर करवेना.

पण मंगली कुठे होती? तिची दाराजवळची जागा रिकामी होती. विचारलं तर कळलं, शेतीच्या दिवसांत गावी गेली, ती अजून आलेली नाही. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. गोळ्यांच्या केंद्रात विचारलं तर, दुसऱ्या पेशंटची माहिती देता येत नाही.

मग माझी खरी झोप उडाली. माझं काय, मला वाचवायला नवरा होता, दवाखाना होता. ती डोंगरात, दोन लहान पोरं, आणि मी तिला “विश्वास ठेव” सांगून बसले होते. मला रक्त पडायला तीन महिने लागले. तिला किती? ती मेली असेल, हा विचार भाजी निवडतानासुद्धा यायचा. मी मेले तर ते माझ्या कर्माने. पण ती मेली तर तिला मी मारलं.

“आधी उठून उभी तर राहा नीट,” हे म्हणाले.

“मला जायचंय.”

थुंकीची तपासणी साफ आली, डॉक्टरने हो म्हटलं, तरी अजून महिनाभर अंगात जीव नव्हता. शेवटी ह्यांच्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर निघालो. मनोर ओलांडलं, डांबर संपलं. दोन्हीकडे भात पिवळं झालेलं. दर दहा मिनिटांनी हे गाडी थांबवायचे, मी उतरून रस्त्याच्या कडेला बसायचे. पाड्यापाशी पोचलो तेव्हा मला चालवत नव्हतं. मंगलीचं घर कुठलं म्हणून एका म्हाताऱ्याला विचारलं. त्याने हात केला आणि मला त्याच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली.

ती अंगणात भात झोडत होती. दोन्ही हातांनी पेंढी उचलून आपटत होती. दंड भरलेले, गाल वर आलेले. मला बघून पेंढी टाकली आणि धावत आली.

“बाई! किती वालल्या तुमी!”

मी तिथेच ओट्यावर बसले. हुंदका आवरेना. ह्यांनी तिच्या नवऱ्याला बोलण्यात गुंतवून पलीकडे नेलं. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. रांगेत ओळख दाखवली नाही ते. साक्ष खोटी होती ते. “मी तुला नको ते सांगितलं मंगली. तू गोळ्या सोडल्यास का?”

“नाय.”

“नाही?”

“तुमी काय ते विश्वास बोलल्या, मला नाय समजला. मी त्या गोल्यावाल्या सिस्टरबायला विचारली. ती बोलली, खा. मंग खाल्ल्या. इथं आलो तं दवाखान्याची आशाबाय घरी आनून देई. संपल्या पन. सायब बोलला, बरी झाली.”

मला हसावं की रडावं कळेना. एवढे महिने मी हिच्या मरणाचं ओझं वाहत होते, आणि हिने माझं ऐकलंच नव्हतं. माझ्या शब्दाला तिने दिली तेवढीच किंमत होती, आणि देवाची कृपा की तिने तेवढीच दिली.

“रांगेत तुमाला वलखली मी,” ती म्हणाली. “बाईला लाज वाटते, समजली. आन त्या दिशी तुमी उभ्या राहून बोलल्या ना, तवा मला लय भीती वाटली. मी मनात बोलली, देवा, ही बाई गोल्या सोडल. हिला अक्कल दे. मंग रोज माजी गोली खाली की तुमचा नाव घेई.”

“रोज?”

“रोज. आमची पोरा पन घेत.”

मी नजर खाली केली. माझ्या यादीत जिचं नाव एकदाही आलं नाही, तिच्या घरात माझं नाव रोज घेतलं जात होतं. लाज वाटली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आत कुठेतरी हलकंही वाटलं. आपल्यावर इतकं प्रेम कुणी करत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचा राग येतो की काय, तसंही काहीतरी वाटलं. मी अशीच आहे.

ती आत गेली, तांब्या आणि अर्धी भाकरी घेऊन आली. समोर उकिडवी बसली.

“मंग? आजच्या खाल्ल्या?”

खाल्ल्या नव्हत्या. गाडीवर उलटी होईल म्हणून घरी गेल्यावर घेऊ असं ठरवलं होतं, आणि खरं सांगायचं तर कालच्याही अशाच राहिल्या होत्या. हे ह्यांनाही माहीत नव्हतं. मी पर्सकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

“काडा,” ती म्हणाली.

मी काढल्या. आधी दोन घास भाकरी खायला लावली. मग एकेक गोळी. मध्ये मला उमळून आलं तेव्हा ती पाठ चोळत राहिली, घाई केली नाही. भात तसंच पडलं होतं, कोंबड्या येऊन टिपायला लागल्या, तरी उठली नाही. शेवटची गोळी मी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले.

“आ करा.”

“अगं, गिळली.”

“सिस्टरबाय मला असाच करी. आ करा.”

मी आ केला.